तांबीसाठी पाच घरं

कोणाकडे काही मागायचं नाही, असं मी कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं. माणसांकडे नाही आणि देवाकडेही नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बाबा शेती सांभाळून खोपोलीच्या एका कारखान्यात पोती उतरवायचे. त्याच खोपोलीत मी आज एका ऑफिसात खुर्चीवर बसते आणि तिथल्या नोटिसा माझ्या हातच्या असतात. याचा मला अभिमान होता, आजही आहे, खोटं कशाला बोलू? पण गेल्या मार्गशीर्षात हा अभिमान एका मुक्या जिवाच्या पायावर बेतला होता. ते सांगायचं आहे.

तांबी मला दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या फाटकाबाहेर गटारात सापडली. एवढंसं पिल्लू, गळ्यात तार रुतलेली. डब्याच्या पिशवीत घालून तिला घरी आणली, तर आई म्हणाली, "आता हिचापण डबा भरू काय गं?" आणि बोलता बोलता हळद घेऊन तिच्या गळ्याशी बसली. जखम भरली, पिल्लू मोठं झालं. सकाळी माझ्या स्कूटीमागे ती कुंभिवलीच्या फाट्यापर्यंत धावत यायची. लोक बघायचे, मला बरं वाटायचं. "बांधून ठेव तिला, रस्ता चांगला नाय," असं आई रोज सांगायची. मी ऐकलं नाही. एका सोमवारी मी फाटा ओलांडून पुढे गेले आणि मागे तांबीला टेंपोने उडवलं. आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात पोचले होते. परत येऊन बघते तर ती रस्त्याकडेला एका गोणपाटावर पडलेली. तिथे तिला कोणी ठेवलं, कोणालाच सांगता येईना.

पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याला लावून दाखवला. मागच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लेट टाकायची तर दहा दिवसांच्या आत, नाहीतर पाय काढावा लागेल, असं ते स्पष्ट म्हणाले. खर्च ऐकला. माझ्या तीन पगारांएवढा. साठवलेलं सगळं बाबांच्या आजारपणात गेलं होतं.

मग मी मोबाईलवर आवाहन लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. "एका जखमी भटक्या मादी श्वानाच्या शस्त्रक्रियेकरिता निधी संकलित करण्यात येत आहे. इच्छुकांनी योगदान द्यावे." कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. जोडलेले हात आले, अंगठे आले. पैसे म्हणावेत असे आले नाहीत. एका मैत्रिणीने विचारलं, "कोणाची गं कुत्री?" मी उत्तर दिलं, "आमच्या भागातली आहे." तेव्हा तांबी माझ्या पायाशीच कण्हत पडली होती. डोकं उचलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

चौथ्या दिवशी चंपाषष्ठी होती. खंडोबा आमचं कुलदैवत. या दिवशी आमच्यात घरातल्या एकाने कोटंबा, म्हणजे देवाचं लाकडी भिक्षापात्र, हातात घेऊन पाच घरी वारी मागायची असते. मूठभर तांदूळ मिळतात, आपण समोरच्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. बाबा दरवर्षी जायचे. मी बारावीला असताना एका घरी माझ्या वर्गातल्या मुलीने दार उघडलं, आणि बाबांच्या मागे उभी असलेली मी शरमेने मेले. पुढे नोकरी लागली तेव्हा मी बाबांना म्हणाले, "आता पगार येतो घरात. दारोदार मागणं बंद करा." बाबांनी कोटंबा पुसला आणि देव्हाऱ्यावर टांगून ठेवला. वर्षभरात ते गेले.

त्या सकाळी आईने कोटंबा काढून माझ्यापुढे धरला. "यंदा तू जा."

"मी? बाईमाणूस कधी वारी मागतं का?"

"धनगराच्या बाणाईला ज्या खंडोबानं मानानं घरात आणली, तो बाई-बापा बघतोय काय गं? का तुझी डिग्री आडवी येतीय?"

मी गेले. भक्तीने गेले असं म्हणणार नाही. आईशी वाद घालायची ताकद उरली नव्हती, म्हणून गेले.

पहिलं घर शेवंताकाकीचं. उंबऱ्यासमोर उभी राहिले आणि हाक न देता कोटंब्यातच बघत राहिले. काकीच बाहेर आली. "अगं बया, मॅडम आज आमच्या दारात!"

"वारी खंडोबाची," मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल गं. देव बहिरा नाय, पन मी हाय."

मोठ्याने म्हटलं. तिने नव्या भाताचे तांदूळ कोटंब्यात घातले, मी तिच्या कपाळाला भंडारा लावला. तिने सहज विचारलं, "कुत्रीचं कसं हाय?" आणि काय झालं मला आजही नीट सांगता येत नाही. हात पुढे केलेलाच होता, कदाचित म्हणून असेल. "काकी, माझ्या तांबीचा पाय जाईल. माझ्याकडे पैसे नाहीत. मदत कराल का?" हे वाक्य जन्मात कधी बोलले नव्हते. काकी आत गेली, रुमालात बांधलेल्या नोटा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "सुनेला बोलू नको हां."

पुढच्या तीन घरी तेच वाक्य बोलले. दोघांनी दिलं. एकाने नुसते तांदूळ घातले आणि "आता जमणार नाय गं पोरी," असं सरळ सांगितलं. मला वाटलं होतं, नकार ऐकून जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. भंडारा लावून पुढे निघाले.

पाचव्या घराला कुलूप होतं. वारी अर्धवट ठेवायची नाही म्हणून शेजारची भाड्याची खोली उघडी दिसली तिथे गेले. तिथे फाट्यावरचा पंक्चरवाला राहायचा, नांदेडकडचा. त्याच्याशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. त्याने मूठभर तांदूळ घातले, भंडाऱ्यासाठी मान वाकवली. मी तांबीचं सांगू लागले, तर तो मधेच म्हणाला, "तांबडी कुत्री ना, ताई? मीच उचलली की तिला. मागून ट्रक येत होता, आडवा झालो. गोणपाटावर ठेवली आन् दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून पळालो."

मी कोटंबा घेऊन तशीच उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानेच सुचवलं की दुकानात डबा ठेवतो, ट्रकवाले थांबतात. "तुमी कागद लिहून द्या. पण त्यांना समजंल असं लिवा." मी लिहिलं, "ही माझी तांबी. माझ्या चुकीमुळे तिचा पाय मोडला. ऑपरेशनला पैसे कमी पडतायत. मदत करा." खाली माझं नाव, गाव. तेच ग्रुपवर टाकलं. त्या मैत्रिणीलाही लिहिलं, "कुत्री माझी आहे गं. तेव्हा खोटं बोलले." सर्वांत आधी तिचेच पैसे आले. नंतर ऑफिसातले, कॉलेजातले, आणि डब्यात ज्यांची तोंडं मी कधी बघणार नाही अशा माणसांचे. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले आणि म्हणाले, "पाय राहिला." मी तिथेच जमिनीवर बसले. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला असेन.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. देवाने काही आकाशातून टाकलं नाही. त्याने फक्त मला पाच दारांसमोर उभं केलं, आणि बाबा दरवर्षी तिथे का उभे राहायचे ते मला कळलं. आमच्या घरात तांदूळ कमी होते म्हणून ते कधीच गेले नव्हते. हे त्यांना सांगायला आता ते नाहीत.

पाच घरचे ते तांदूळ आईने वेगळे ठेवले होते. तांबी घरी आली त्या दिवशी तिने त्यांचा मऊ भात शिजवला. आधी देवाला दाखवला, मग मी थोडा तांबीसमोर ठेवला. आठवडाभर नीट खाल्लं नव्हतं तिने. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ताटली चाटून पुसून काढली. कोणत्या घरचा दाणा कोणता, ते ओळखायला काही उरलं नव्हतं.

आता ती थोडी लंगडते. सकाळी मी तिला बांधून निघते, ती कुरकुरते. कोटंबा देव्हाऱ्यावरून खाली आणलाय. हाताशी असावा म्हणून.