वायरवाले स्पीकर

कुपवाडच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं लेथवर होतो. मागच्या वर्षी मनात आलं, नोकरी सोडून शिराळ्याला मामांच्या जागेत स्वतःची मशीन टाकावी. हे मी फक्त बायकोजवळ बोललो, तेही घरात, दार लावून. चौथ्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"काय रं, शिराळ्याला जागा बघितलीस म्हणं?"

मी काहीतरी सारवासारव केली, पण डोक्यात एकच: हिनं कुणाला तरी सांगितलं. आईशी रोज तासभर फोन चालायचा तिचा. त्या दिवसापासून मी तिच्या बोलण्यावर कान ठेवू लागलो. ती गॅलरीत गेली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं जायचो. एकदा ती आंघोळीला गेल्यावर तिचा फोनही तपासला. काही सापडलं नाही, आणि त्यानं संशय वाढलाच. म्हटलं, पुसून टाकलं असणार.

एका रविवारी सकाळी न राहवून मी विचारलंच.

"तू आईला सांगितलंस ना?"

"आईला? मी कशाला सांगू?"

"मग मालकाला स्वप्न पडलं का?"

आवाज चढले. ती रडवेली झाली, तरी मी थांबेना. तेवढ्यात कपाटावरचा स्पीकर बोलला. दिवाळीला घेतलेला, बिनवायरचा. गाण्यांसाठी दिवसभर चालूच असायचा. त्यातून पुरुषाचा आवाज आला.

"आक्का, कोण भांडतंय गं? टीव्ही मोठा हाय का?"

तो आवाज मी ओळखला. आमच्या कारखान्यात स्टोअर बघणारा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा भाऊ. बायकोनं पुढं होऊन स्पीकर बंद केला.

मी खाली गेलो. काकू हातातल्या फोनकडं बघत दारात उभ्या होत्या. "आवं, बघा की, भावाचा फोन आलता, पन मला काय ऐकूच आलं न्हाई. आठ-पंधरा दिस झालं असंच हुतंय."

मग उलगडलं. हळदीकुंकवाला काकूंनी आपल्या फोनवरची गाणी आमच्या स्पीकरला जोडून लावली होती. तेव्हापासून अधूनमधून त्यांचा फोन आपोआप आमच्या स्पीकरला जाऊन चिकटायचा. आम्ही आवाज बारीक ठेवलेला, म्हणून एरवी भावाचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं; त्या रविवारी तेवढा गाण्यांसाठी वाढवला होता. आमचं मात्र स्पीकरमधल्या माइकातून त्याला सगळं जात होतं. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, असं मी आजही मानतो. भावाबद्दल तसं म्हणवत नाही. इतके दिवस ऐकत राहिला, एकदाही मला बोलला नाही, आणि मालकांना सांगून आला.

त्याच आठवड्यात मी ॲम्प्लिफायर आणि दोन जुने वायरवाले स्पीकर आणले. भिंतीला पट्टी मारून वायर स्वतः ओढली. बायको स्टूल धरून उभी होती.

"वायर दिसते तरी, कुठनं कुठं जाते ती," मी म्हणालो.

"माझा फोन बघितलात तुम्ही," ती म्हणाली. "मी आंघोळीला गेले त्या दिवशी. चार्जरला लावताना पालथा ठेवला होतात."

पट्टीचे दोन खिळे वाकडे गेले, ते मी तसेच ठोकले.

पुढं मशीन टाकली, कामही मिळतंय. ती आईशी आता जिन्यात जाऊन बोलते. मी मागं जात नाही.