अपघात झाल्यास कळवण्याचा पत्ता

सुनंदा टिपणीस यांचा फोन नंबर बदलापूरच्या कात्रपमधल्या निदान चाळीस घरांचा नंबर होता. १९८८ साली आमच्या तीन बिल्डिंगांत मिळून फोन एकच, तो त्यांच्याकडे. नोकरीचा अर्ज असो, मुलीचं स्थळ असो, नंबर त्यांचा लिहायचा आणि पुढे ‘पीपी’ जोडायचं; म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. आणि वहिनी, आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो, खरंच बोलावून देत. गॅस बारीक करून, कणकेच्या हातानं जिना उतरत. त्यांचे यजमान दिनानाथराव अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ते म्हणायचे, “घरात फोन आला आणि बायको बाहेर गेली.”

इंग्रजी फॉर्मही त्याच भरून देत. आधी पेन्सिलीनं, मग पेनानं. घरातलं मोठं माणूस समोर बसवल्याशिवाय सुरुवात करायच्या नाहीत, आणि प्रत्येक रकाना मोठ्यानं मराठीत सांगायच्या. उगाच वेळ जातो, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, “आपल्या घराबद्दल काय लिहून चाललंय, ते घरच्यांना नको कळायला?”

बदलापूर गावातली नीलिमा भोपी पासपोर्टचा फॉर्म घेऊन आली, ती आई राजाबाईंसह. नीलिमा उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. मस्कतच्या हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. पासपोर्ट हातात आला की पुढचं सगळं एजंट बघणार होता. वडील हरिचंद्र वारलेले, घरी या दोघीच. पत्ता लिहिला, पुढे वहिनींचा नंबर, पीपी. मग शेवटचा रकाना आला. वहिनींनी नेहमीसारखंच सांगितलं, “मृत्यू किंवा अपघात झाल्यास कोणाला कळवायचं? राजाबाई, इथं तुमचं नाव.” राजाबाई चहा तसाच ठेवून उठल्या.

महिन्याभरानं नीलिमा रडत आली. पासपोर्ट ऑफिसचं पत्र होतं: दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, असा पोलिसांचा अहवाल. एजंटानं सरळ सांगितलं होतं, “बहनजी, इस महिने की पच्चीस तारीख. उसके बाद सीट दूसरी लड़की को.”

वहिनी त्याच दिवशी तिला घेऊन चौकीवर गेल्या. हवालदार वैतागला होता. “अहो, घरातल्या बाईनंच सांगितलं, अशी कोणी इथं राहत नाही म्हणून. मी काय मनानं लिहिलं?”

खाकी कपडे दारात दिसले की गावात माणसं आधी नाहीच म्हणतात. तसंच झालं असेल, असं सगळ्यांनी धरलं. वहिनींनी हवालदाराला सांगितलं, “चूक माझी. कोण येणार, काय विचारणार, ते मी त्यांना सांगायला हवं होतं.” दोन हेलपाटे घालून त्यांनी पुन्हा चौकशी लावून घेतली. हवालदार कोणत्या दिवशी येणार, ते मात्र कोणी सांगेना.

मग त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. “वृंदा, फोन घ्यायचा, निरोप लिहायचा आणि नेऊन द्यायचा. लिहून ठेवून द्यायचा नाही.” आणि रोज सकाळी राजाबाईंच्या ओटीवर जाऊन बसू लागल्या. नीलिमाला रजा नव्हती, ती ड्युटीवर. तीन दिवस मी जिने चढत-उतरत होते. एवढं काम ही बाई स्वयंपाक सांभाळून करते, ते मला तोवर माहीतच नव्हतं.

तिकडे काय झालं, ते वहिनींनी कधीच कोणाला सांगितलं नाही. मला पुष्कळ वर्षांनी राजाबाईंनी स्वतः सांगितलं.

दोघी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी राजाबाई एकदम म्हणाल्या, “वैनी, मी घाबरून नाय बोलले. मला ठाव होतं तो कशाला आलाय.”

वहिनींचा हात थांबला.

“तुम्ही माजं नाव त्या रकान्यात घातलंत. पोर मेली तर कळवायला. तवाच ठरवलं, हिला जाऊ द्यायची नाय.”

‘नीलिमाला सांगते’ असं वहिनी म्हणाल्या असत्या, रागावल्या असत्या, तरी राजाबाईंना चाललं असतं. वहिनी म्हणाल्या, “यांच्या फॅक्टरीच्या कागदावर त्याच रकान्यात माझं नाव आहे. बावीस वर्षं.”

“भ्या नाय वाटत?”

“वाटतं की. पण तिथं दुसऱ्याच कोणाचं नाव असतं तर जास्त वाटलं असतं.”

राजाबाई टोचून बोलल्या, “तुमचा माणूस संध्याकाळच्याला घरी येतो.”

“येतो,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं खरं आहे.” आणि परत वाल सोलू लागल्या. वर समजावणं नाही, गळ घालणं नाही. हवालदार आला तर काय सांगाल, एवढंही विचारलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओटीवर हजर. राजाबाई म्हणाल्या, “मी नायच म्हणाले तर?”

“घर तुमचं आहे,” वहिनी म्हणाल्या. “नीलिमाला मी एवढंच सांगेन, की मी इथं बसले होते.”

दुपारी हवालदार सायकलवरून उतरला. कागद काढला आणि वहिनींकडे बघून विचारलं, “नीलिमा हरिचंद्र भोपी इथं राहते?”

वहिनींनी मान वर केली नाही. परातीतला एकेक वाल उचलून त्या साल काढत राहिल्या. एक हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पंचवीस तारखेला पाचच दिवस उरले होते. राजाबाई म्हणतात, “माज्या उभ्या जन्मात कोणी माज्यासाठी इतकं गप बसलं नव्हतं.”

हवालदारानं पुन्हा विचारलं.

“राहते,” राजाबाई म्हणाल्या. “माज्या पोटची हाय. इथंच जन्मली, इथंच राहते.”

“मग मागल्या खेपेला नाही का म्हणालात?”

“तवा खोटं बोलले. ते पण लिवायचं तर लिवा.”

हवालदारानं एकदा राजाबाईंकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि ‘राहते’ हे पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं.