मुका मार

माझ्या मामांनी उभ्या जन्मात एकाही माणसाचं तोंड नीट पाहिलं नसेल. ते माणसं नखांवरून ओळखत. दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, पण रिटायर झाल्यावर घरी कुणी आलं की 'या, बसा'च्या आधी 'हात बघू' म्हणायचा. पाहुण्याला वाटे, भविष्य सांगणार. तो खुशीत तळवा पुढे करी आणि मामा हात उलटा करून त्याच्या वाईट सवयी चारचौघांत वाचून दाखवत. मामी म्हणायची, "ह्यांच्यापायी माणसं खिशात हात घालून येत्यात."

तळेगाव ढमढेऱ्याला आमच्याकडे आले की आठवडे बाजारात त्यांच्याबरोबर जायची मला धास्तीच असे. मेथीची जुडी घेता घेता ते विकणारीचं बोट धरून बसत. "नखुरडं झालंय बाई. दिसभर भाजीवर पाणी मारतीस, हात कवा कोरडा करतीस? कोमट पाण्यात बुडवून धर आन् पुसून कोरडं ठेव. पू धरला तर डॉक्टरकडं जा, घरी सुई घालू नको." मेथी राहून जाई. जाड, पिवळं, भुसभुशीत नख म्हणजे बुरशी. तिच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि लोक पंधरा दिवसांत सोडतात, याचा तर त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखा राग येई.

पण कहर केला तो माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमात. पोहे झाले होते, मुलाची आई माझ्याकडे कौतुकाने बघत होती, आणि मामांनी तांब्यात बोट बुडवून माझ्या नखावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तिथेच ठरला. "नखाची वाटी झालीय," मामा म्हणाले. "पोरीच्या अंगात रक्त न्हाई. लगीन मागनं, आदी रक्त तपासा." स्थळ अर्थातच मोडलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आईला विचारलं, ही मुलगी उभी तरी कशी राहते? लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मामा दर रविवारी नुसता एक थेंब सोडायला दौंडहून येऊ लागले.

काळ्या नखाचा त्यांचा एक नियम होता. शेडमध्ये हातोडा बसून नख काळं पडलं की सगळे त्याला मुका मार म्हणत. मामा त्या नखाच्या मुळाशी कानशीने बारीक खूण करत. नख वाढेल तशी खूण पुढे जाते. तिच्याबरोबर डागही गेला आणि मागे कोरं नख आलं, तर तो मार. खूण पुढे गेली आणि डाग मुळाशीच राहिला, तर मोठा दवाखाना. हे त्यांनी शेडमध्ये कितीजणांना शिकवलं असेल. स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर काळी रेघ उमटली तेव्हा मात्र ते गप्प बसले. मामीला कळलं ते नखाभोवतीची कातडी काळी पडून अंगठा चिघळल्यावर. पुण्याला नेऊन अंगठा काढला, पण तो कॅन्सर होता आणि तोवर पार वर पसरला होता.

मला राग आवरला नाही. दवाखान्यात मी विचारलंच, "मामा, तुम्ही खूण नव्हती केली?"

"केली हुती की."

"मग?"

"खूण पुढं जायची, रेघ तिथंच ऱ्हायची. मंग मी मागं नवी खूण करायचो. तीनदा केली. म्हनलं, मारच आसंल. उभ्या जन्मात मार सोडून दुसरं काय लागलंच न्हाई ह्या पायाला."

मग त्यांनी उशापाशी ठेवलेल्या ग्लासात बोट बुडवलं आणि माझ्या नखावर थेंब सोडला. तो घरंगळून चादरीवर पडला. "बेस झालं," म्हणाले, आणि माझा हात काही सोडला नाही.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मध्यंतरी दारात माझा अंगठा चेंगरला आणि नख काळंनिळं झालं. मामीकडून त्यांची कानस मागून आणली, मुळाशी खूण केली. दर रविवारी बघते. खूण पुढे गेली आहे, डागही तिच्याबरोबर गेला आहे, मागे कोरं नख येतं आहे.

मारच आहे, मामा.