श्यामरावांची गुडाखू आणि खालचे दोन दात

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले श्यामराव देशकर सकाळी न्हाणीघरात शिरले की बराच वेळ बाहेर येत नसत. आत काय चालतं हे सगळ्या पाऱ्याला ठाऊक होतं. कोणालाच ठाऊक नाही असं वाटायचं ते एकट्या श्यामरावांना. ते गुडाखू घासत. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटावर घ्यायचा, हिरड्यांवर फिरवायचा, डोकं जरा गरगरू द्यायचं, की मग बायकोसुद्धा शांत वाटते. रेल्वेच्या ऑफिसातली अख्खी नोकरी त्यांनी याच गरगरीत काढली.

जगात त्यांना भीती होती ती फक्त कवळीची. थोरले भाऊ यशवंतराव एका मुंजीच्या पंगतीत शिंकले आणि त्यांची कवळी थेट वाढप्याच्या कढीच्या बादलीत गेली. कढी त्या दिवशी खूप उरली. "मी मरीन, पण पराये दात लावणार नाही," असं श्यामरावांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. आणि आता त्यांचे खालचे समोरचे दोन दात हलू लागले होते.

बायकोने, सुशीलाबाईंनी, पकडलंच. "काहून जी, मुरमुरे चोखून राहिले?"

"चव घेऊन राहिलो."

"चव झाली असंल तर डॉक्टरकडे चला."

तेलीबांध्याची दातांची डॉक्टर ऋता घरची मराठी, पण हिंदी मुलखात वाढलेली. ऐकायची मराठी, बोलायची हिंदी. एक बारीक, खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून ती मदतनीस बाईला आकडे सांगू लागली, "छह, सात, सात..." श्यामराव खूश. इतके मार्क त्यांना शाळेतही पडले नव्हते.

"काका, जितना ज़्यादा, उतना बुरा. मसूड़ा दाँत से छूट गया है, बीच में जेब बन गई है. अंदर की हड्डी भी गली है, वो वापस नहीं आएगी. पहले सुन्न करके जड़ तक सफ़ाई करेंगे. जेबें भर गईं तो चीरा नहीं लगेगा. नहीं भरीं तो मसूड़ा खोलना पड़ेगा, और ये दो शायद निकालने पड़ें. और गुडाखू बंद."

"कोणती गुडाखू?" श्यामरावांनी तान्ह्या बाळासारखं विचारलं.

"जो अभी नीचे वाले होंठ में रखी है."

एकेक बाजू बधिर करून खरवडणं झालं. बधिर ओठाने चहा प्यायला गेले आणि चहा सदऱ्यानं प्यायला. गुडाखूही सोडली. सोडल्यावर ते कूलरशीही भांडले. पण मग एका सकाळी दात घासताना रक्त दिसलं. वर्षानुवर्षं थेंब नाही आणि आता गुलाबी चूळ!

"पाह्य, पाह्य!" ते ओरडले. "गुडाखू होती तोवर थेंब नव्हता! औषध होतं ते, औषध!"

लागलीच औषध सुरू झालं, न्हाणीघराची कडी लावून. रक्त थांबलं. पुढच्या तपासणीला श्यामराव छाती काढून गेले आणि हा शोध त्यांनी डॉक्टरणीला ऐकवला. तिने कपाळाला हात लावला.

"काका, तंबाकू खून की नलियाँ सिकोड़ देता है. बीमारी अंदर चालू है, बस दिखती नहीं. घर में चोर घुसा है और आपने कुत्ते का मुँह बाँध दिया!"

सळई फिरली. बाकीच्या जागा थोड्या सुधारल्या होत्या. त्या दोन दातांचे आकडे जागच्या जागी. डॉक्टरीण हिरडी चिरण्याबद्दल बोलू लागली, तशी श्यामरावांना कढीची बादली स्वच्छ दिसली.

"एक मौका, बेटी. फक्त एक."

घरी आल्यावर त्यांनी डबी सगळ्यांदेखत नालीत ओतली. सगळ्यांदेखत ओतली म्हणून पुन्हा विकत घेता येईना. पारा टपूनच बसला होता. डॉक्टरणीने पुन्हा खरवडलं. रात्री दाताच्या फटीफटीतून इवलासा ब्रश फिरवायचा, तोंडात बडीशेप आणि घरात चिडचिड, असे काही महिने गेले. मग आकडे उतरले. दोन दात किंचित हलत होते, पण पोळी तोडत होते. चीर टळली.

"अब हर तीन महीने में सफ़ाई," डॉक्टरीण म्हणाली.

"किती वर्षं?"

"जब तक दाँत हैं."

हे त्यांना ताप उतरल्यावरही गोळ्या खाण्यासारखं वाटलं. सफाईची एक खेप त्यांनी मुकाट्याने चुकवली. हिरड्या सुजून आल्या आणि आकड्यांनी चुगली केली. त्यानंतर मात्र ते कधी चुकले नाहीत. इतके, की सुशीलाबाईंच्या भाचीचं लग्न नेमकं सफाईच्याच तारखेला आलं, तरी ते दवाखान्याकडे निघाले.

"आज दात दाखवाले जाता?" सुशीलाबाई शालू सावरत कडाडल्या.

"लग्न पोरीचं आहे. दात माझे आहेत."

अक्षता हुकल्या, पंगत मिळाली. पानावर बसताच श्यामरावांनी शेजारच्या व्याह्यांना विचारलं, "तुमच्या हिरडीतून रक्त येते का जी?"

"नाही बुवा."

"येत नाही? मग तर लौकर दाखवा. थोडं तोंड उघडता?"

व्याही आपलं पान उचलून पलीकडच्या रांगेत गेले. श्यामरावांनी पुरी दातांनीच तोडली आणि ते उजवीकडच्या पाहुण्याकडे वळले.