वाकवलेली तार

"तार उतरलीये."

"उतरली नाहीये, मी वाकवलीये."

"वाकवलेली परत जागेवर येते रे, शहाण्या. तुझी तिकडेच मुक्कामाला राहिली."

"ताई, ब्लूज आहे हे. शाळेतली प्रार्थना नाही."

ताईने पायानेच गिटारच्या अँप्लिफायरचं बटण बंद केलं. हॉटेलच्या मागची खोली, भिंतीला रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, मधोमध दोन खुर्च्या. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. ताई गाते, धाकटा भाऊ गिटार वाजवतो. बाकीचे दिवस तो तोफखान्यात जवान. या रजेसाठी त्याने बराकीचे संडास घासले होते, कारण आज रेकॉर्डिंग कंपनीचा माणूस ऐकायला येणार होता. त्या माणसाने आपल्याला एकदा वाजवताना ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

पलटणीत त्याचं नाव रडक्या. दुःखाची, घसरत्या सुरांची गाणी वाजवतो म्हणून. "रडक्या, जेवण पचत नाहीये, जरा रड बघू," असं हवालदार म्हणायचा आणि हा वाजवायचा. एकदा सरावाच्या मैदानावर हवालदाराने त्याच्या कानातले बोळे स्वतःच्या हाताने उपसून काढले. "एवढा गाण्यातला दर्दी ना तू? मग आमच्या बाईचंही ऐक की." बाई म्हणजे तोफ. सगळे हसले. तोही हसला. न हसून सांगतो कुणाला!

तेव्हापासून डाव्या कानात शिट्टी वाजते, उजव्यालाही वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. पलटणीच्या डॉक्टरला सांगावं तर नोकरी जाणार, ताईला सांगावं तर गिटार. म्हणून तो गप्प राहिला. आणि गंमत बघा, उतरलेली तार त्याला कळायची नाही, ऐकणारे मात्र डोळे मिटून म्हणायचे, "काय दर्द आहे पोराच्या हातात!"

ताई उठून त्याच्या डाव्या बाजूला गेली. हलक्या आवाजात म्हणाली, "गिटार काढून घेतेय मी तुझी."

तो तारा पुसत राहिला.

ती समोर आली. "काय म्हणाले मी आत्ता?"

"तेच... आधी कुठलं गाणं घ्यायचं."

ताई हसली. वाईट हसली. मग त्याला सगळं सांगावंच लागलं, हवालदारासकट.

"आधी बोलला असतास तर?"

"तर वाजवू दिलं असतंस?"

"नाही."

"मग! ताई, आजचा दिवस बसू दे ना. बोटांना ठाऊक आहे सगळं. तारा फक्त तू लावून दे."

"आणि गाण्याच्या मध्येच उतरली म्हणजे? मी गाणं थांबवून तुझ्या खुंट्या पिळत बसू? सोय केलीये मी. पडद्यामागे दुसरा बसेल, तो वाजवेल. तू पुढे, वर्दीत. मालकाने बाहेर फळ्यावर लिहिलंयसुद्धा, 'जवानाचे ब्लूज'. लोकांना वर्दी बघायला आवडते."

"आणि माझी गिटार?"

"असेल की गळ्यात. वायर तेवढी काढलेली. डोळे मिटून मान हलव, ते तुला छान जमतं."

"त्या दुसऱ्याला कधी विचारलंस?"

"गेल्या महिन्यात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तुझ्या तोंडून कधी निघतंय ते बघत होते. नाही निघालं. अरे, तो माणूस माझंही गाणं ऐकायला येतोय. तुझ्या कानापायी माझा गळा घालवू?"

वर्दीचा शर्ट खिळ्याला टांगलेला होता. ताईनेच सकाळी इस्त्री केली होती. त्याने तो काढून अंगात घातला, एकेक बटण लावलं. ताईचा जीव भांड्यात पडला.

"कॉलर बघ, दुमडलीये." तिने स्वतःच सरळ केली. मग उजव्या कानापाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "उभा राहशील ना रे?"

त्याने गिटार उचलून तिच्या खुर्चीत ठेवली, टोपी घेतली आणि क्रेटांमधल्या फटीतून मागच्या दाराने बाहेर पडला.