दारामागची चावी

व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत चावीमामा जेवत नसत. भाकरीचं फडकं सायकलच्या हँडलला बांधलेलं असायचं आणि दुपारचे दोन वाजले तरी ते तसंच लोंबत असायचं. कुणी घरात बोलावलं, ताट वाढते म्हणालं, तरी उंबऱ्याबाहेरूनच सांगायचे, "पानी चालू हाय वैनी. पानी चालू असताना आपण खात बसायचं, बरं न्हाय दिसत." शेवटच्या गल्लीचं पाणी बंद झालं, की रस्त्याकडेला मांडी घालून ते फडकं सोडायचे. मग मात्र कुणी हाक मारली तरी मान वर करत नसत.

आमच्या गावच्या नगरपालिकेत ते पाणी सोडायच्या कामावर होते आणि मी त्यांचा सुपरवायझर. गावाला पाणी एक दिवसाआड. चढावर टाकी, तिथून एकेका गल्लीला पाळीनं पाणी सोडायचं. त्यासाठी रस्त्यातल्या खड्ड्यात चावी घालून व्हॉल्व्ह फिरवावा लागे. ही चावी म्हणजे छातीएवढा उंच लोखंडी गज, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून मामा सकाळी सहापासून गावभर फिरायचे, म्हणून चावीमामा. श्रीपती बाळू कांबळे हे नाव फक्त हजेरीपत्रकावर होतं. राहायला ते बौद्ध वस्तीत. पाइपलाइनचं टोक तिथंच संपायचं, म्हणून वस्तीची पाळी सगळ्यांत शेवटची.

पाणी बंद करण्याआधी ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोठ्यानं सांगायचे, "पाच मिनटं ऱ्हायली गं बायांनो!" ती पाच मिनिटं कधी सात व्हायची, कधी दहा. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या म्हातारीला एकच कळशी उचलते, हे त्यांना ठाऊक असायचं. बायका त्यांच्याशी भांडायच्या आणि सणाला पोळ्याही त्यांनाच आधी द्यायच्या.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर ते आणखी एक गोष्ट करत. चावीच्या मुठीला कान लावून ऐकत बसत. आत पाणी सळसळत असेल तर गजातून कळतं. आवाज थांबला, की मगच चावी उपसायचे. माझी मुलगी वैशाली शाळेत होती तेव्हा आमच्या दारातल्या व्हॉल्व्हचा शेवटचा फेरा तिनंच फिरवायचा, असा दोघांचा करार होता. मग दोघं आळीपाळीनं कान लावायची. "झालं का बंद, ताईसाहेब?" "झालं मामा." तरी स्वतः पुन्हा ऐकायचे. "तुमच्यावर इश्वास हाय," म्हणायचे, "पर कानाची खात्री येगळी."

मी तेव्हा शिस्तीचा माणूस होतो. वेळापत्रक मी आखलेलं आणि ते मोडलेलं मला खपत नसे. मामा ते एकाच कारणासाठी मोडायचे. गावात कुठंही माणूस गेलं, की त्या गल्लीची पाळी असो नसो, अंघोळीपुरतं पाणी सोडायचे. जात बघायचे नाहीत, वर्ष-दोन वर्षं आपल्याशी न बोलणारं घर असलं तरी बघायचे नाहीत. एकदा मी त्यांना त्यावरून ऑफिसात सगळ्यांसमोर झापलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, मेलेल्या मानसाला काय सांगू? उद्या पाळी हाय, उद्या मर म्हनू?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. पुढं त्याबद्दल त्यांना कधी काही बोललो नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते लिहितो.

वैशालीचं लग्न जयंतीच्या आदल्या दिवशी होतं. मांडव आमच्या दारातच. भारनियमनाचे दिवस होते, टाकी एकदा रिकामी झाली की भरायला अख्खा दिवस जायचा. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या आणि दुपारी आचारी पाणी संपलं म्हणून माझ्यामागं लागला. मी मामांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "सायेब, उद्या पयली पाळी वस्तीची हाय. जयंतीचं जेवान हाय तिथं." मी म्हणालो, अर्धाच तास सोडा, मी बघतो. त्यांनी आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला आणि चावी धरून तिथंच उभे राहिले.

मी त्यांना जेवायला चला म्हणालो. ते नको म्हणाले. कारण मला माहीत होतं, तरी मी हट्टाला पेटलो. चार पाहुण्यांसमोर मामांना पंगतीत बसवायचं, याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो. त्यांच्या हातातली चावी मी काढून घेतली. "आज तुम्ही पावणं. व्हॉल्व्ह मी बंद करतो," म्हणालो. ते बसले. माझ्या शब्दावर बसले.

तेवढ्यात वरपक्षाचा कुणी पाहुणा मानपानावरून रुसून गाडीत जाऊन बसला आणि मी तिकडं धावलो. चावी कुठं ठेवली ते आठवलं नाही. नंतर कळलं, ती आचाऱ्याच्या काहिलीमागं भिंतीला टेकवलेली होती. मामा हात धुऊन माझ्याकडं आले तेव्हा वैशालीची पाठवणी चालली होती. त्यांनी विचारलं, "बंद केलासा न्हवं सायेब?"

"केला," मी म्हणालो. "चावी उद्या घ्या. तुम्ही जा आता, वस्तीत कामं असतील."

मी व्हॉल्व्ह बंद केला नव्हता. केला असं त्या क्षणी वाटलं होतं, असंही म्हणता येत नाही. मला त्यांना वाटेला लावायचं होतं, एवढंच. मामांनी वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कान न लावता एक व्हॉल्व्ह बंद मानला.

टाकीतलं सगळं पाणी आमच्या गल्लीतून गटाराला गेलं. जयंतीच्या सकाळी वस्तीच्या नळाला थेंब आला नाही. बाहेरगावचे पाहुणे आलेले, चुली पेटलेल्या, आणि बायका घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीकडं चाललेल्या. वस्तीतली माणसं नगरपालिकेच्या दारात आली. मी तिथं होतो, आदल्या दिवशीचा फेटा फक्त डोक्यावर नव्हता. एका तरुणानं मामांना विचारलं, "पंगतीला बसला हुतास न्हवं मामा? मोठ्यांच्या मांडवातलं ग्वाड लागलं, आनि आमचं पानी इसरलास."

उघड्या व्हॉल्व्हवर कधी घास न घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "माझ्याकडनं बंद करायचं ऱ्हायलं."

चौकशीचा अहवाल मलाच लिहायचा होता. "व्हॉल्व्हमनच्या निष्काळजीपणामुळे टाकी रिकामी झाली" असं मी लिहिलं आणि खाली सही केली. मामांना पाण्यावरून काढून बागेत झाडांना पाणी घालायला लावलं. वस्तीत त्यांना कुणी वाईट वागवलं नाही. पण जयंतीच्या मिरवणुकीत झेंडा धरून सगळ्यांत पुढं चालायचा मान त्यांचा होता, तो पुढच्या वर्षापासून गेला. ते मागच्या मागं चालायचे, लहान मुलांच्याही मागं. मी ते रस्त्याकडेला उभा राहून बघितलं आहे. एकदा नाही, दरवर्षी.

काही महिन्यांनी बागेत मी त्यांना गाठलं. ते झारीनं जास्वंदीला पाणी घालत होते. मी विचारलं, मामा, तुम्ही बोलला का नाही? झारी खाली न ठेवताच म्हणाले, "ताईसाहेब नव्या घरात गेल्त्या. जयंतीचं पानी हिच्या लग्नात वाहून गेलं, असं झालं असतं की. पोरीच्या नावाला कशाला ते?" मग पुढच्या झाडाकडं सरकले आणि म्हणाले, "आनि तुमी सांगशीलाच की कवातरी. घाई न्हाय."

ते आणखी सहा वर्षं जगले. मी सांगितलं नाही.

ते गेले त्या दिवशी वस्तीची पाळी नव्हती. मी निवृत्त झालो होतो. नव्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, वेळापत्रक वरून आलंय, मला बदलता येत नाही. वेळापत्रक मीच आखलेलं होतं. त्याच्याकडून चावी मागून घेतली आणि वस्तीचा व्हॉल्व्ह मी स्वतः उघडला. सतरा फेरे. माझा श्वास निम्म्यातच फुलला. मामांची अंघोळ झाली, माणसं परतली, त्यांच्याही अंघोळी झाल्या, तोवर तिथंच उभा राहिलो. बंद केल्यावर मुठीला कान लावला. पाणी थांबल्याची खात्री होईपर्यंत उठलो नाही.

मग त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नीला, अक्काताईंना, सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्ये थांबवलं. म्हणाल्या, "आमास्नी ठावं हाय सायेब. ते काय बोललं न्हाईत. पर चावी रोज ह्या दारामागं असायची. त्या दिशी ते मोकळ्या हातानं आलं. चावीच न्हाय तर मानूस बंद काय करनार?"

अक्काताई त्या दारामागच्या कोपऱ्याकडं बघत होत्या. फरशीवर गजाच्या टोकानं पडलेला खळगा अजून होता. "मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "वस्तीत सांगा."

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्काताई आहेत, थकल्या आहेत. मीही काठी घेतो. गेल्या महिन्यात वैशाली माहेरी आली होती, तिला पहिल्यांदा हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं नाव घालून लिहा बाबा. माझ्या नावासाठीच ते गप्प बसले ना?" वस्तीच्या वाचनालयाची जयंतीची स्मरणिका निघते, तिच्यात छापायला हे देतो आहे. अक्काताईंना वाचता येत नाही, म्हणून त्या दिवशी वस्तीसमोर मोठ्यानं वाचायची परवानगी मागितली आहे. वाचनालयातली मुलं म्हणाली, या.

नगरपालिकेतला तो अहवाल आता कुणी बदलणार नाही. म्हणून दुरुस्ती इथं करतो. त्यात जिथं "व्हॉल्व्हमनच्या निष्काळजीपणामुळे" असं आहे, तिथं "सुपरवायझरच्या निष्काळजीपणामुळे व खोटे बोलण्यामुळे" असं वाचावं. श्रीपती बाळू कांबळे यांच्याकडून त्या दिवशी, किंवा कोणत्याही दिवशी, काहीही बंद करायचं राहिलं नव्हतं.