कौल सांगणाऱ्या बाईचा अर्ज

कंधारच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली गेली सत्तावीस वर्षे मी अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत, तेही अपुरे. परंतु ‘सबब विनंती की’ या शब्दांपुढे काय यावे, हे या तालुक्यात माझ्याइतके कोणास कळत असेल असे मला वाटत नाही. माझ्या अर्जावर ‘अर्थबोध होत नाही’ असा शेरा आजवर एकाही टेबलाने मारलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर जवळच्या खेड्यातील एक मावशी माझ्यापुढे येऊन बसल्या. वय ऐंशीच्या घरात. गावात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची शिळा बसणार होती आणि तिच्यावर त्यांना आपल्या आईचे नाव हवे होते. आई कोण, तर अंगात देवी येणारी, कौल सांगणारी बाई.

निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षी त्या गावाजवळ निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांचा तळ होता. आसपासच्या खेड्यांवर चालून जाण्याआधी त्यांच्यातले काही जण या बाईकडे कौल घेण्यास येत. बंदूकवाल्यालाही जिवाची भीती असतेच. कौलाची रीत अशी, की कोणत्या वारी आणि कोणत्या दिशेस जाणार हे सांगितल्याशिवाय देवी तोंड उघडत नाही.

“मंग ते आपल्याच तोंडानं सांगायचे,” मावशी म्हणाल्या. “बुधवारी, उगवतीला. आई कौल द्यायची. ते गेले की जोंधळ्याची पुरचुंडी परसाद म्हणून माळापल्याड आपल्या लोकांकडं जायची. जितके दाणे तितवा वार. चिंधीच्या रंगावरून दिशा. बुधवारी ते जायचे तवर उगवतीची गावं रिकामी.”

मी अर्ज लिहिला आणि स्वतः आत नेऊन दिला. आठवड्याने कारकुनाने बोलावले. हा गृहस्थ माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

“या, बिनसनदेचे वकीलसाहेब. गावातून हरकत आली आहे. सोबत एका जुन्या तक्रारीची नक्कल जोडली आहे. अक्षर ओळखीचं वाटतं का बघा.”

‘सदर बाई करणी करीत असून गावात भीतीचे वातावरण आहे. सबब विनंती की तिला गावाबाहेर काढावे.’ खाली गावकऱ्यांचे अंगठे. त्याखाली, अर्ज लिहिणार म्हणून, माझे नाव.

धंद्यातील ते माझे पहिलेच वर्ष होते. गावातले चौघे आले, त्यांनी सांगितले आणि मी सजवले. ‘भीतीचे वातावरण’ हे शब्द त्यांचे नव्हते, माझे होते. त्या अर्जानंतर बाईला गावाने शेतातल्या पत्र्याखाली राहायला लावले आणि ती तेथेच वारली.

कारकुनाने तोडगा सुचवला. “देवी वगैरे काही नव्हतं, बाईनं सोंग घेतलं होतं, असं लिहा. म्हणजे ती हेर ठरते, करणीचा प्रश्नच मिटतो. तुमचंही नाव मधे येत नाही.”

तोडगा मला आवडला, हे मी लपवीत नाही. बाहेर येऊन तो मावशींना समजावून सांगितला.

“सोंग न्हाई,” त्या म्हणाल्या. “देवी बी खरी येत व्हती अन् बातमी बी खरी जात व्हती. आईला खोटी ठरवून तिचं नाव दगडावर कशाला? त्यापरीस कोरा दगड बरा.”

तेव्हा मला सांगावे लागले की ती जुनी तक्रार माझ्या हातची आहे.

“ठाव हाय. म्हणून तर तुझ्याकडं आले, बाबा. न्हाईतर त्या कोपऱ्यातला अर्जवाला तुझ्यापरीस सस्त्यात लिहितो.”

तो कोपऱ्यातला शुद्धलेखनही जाणत नाही. असो.

मी नवा अर्ज लिहिला. देवी येत होती, असे लिहिले. बातमी जात होती, असेही लिहिले. देवी खरी की कसे, हे ठरवण्याचे काम कचेरीचे नाही. गावे रिकामी झाली की नाही, एवढेच कचेरीने पाहावे, असे ठणकावून लिहिले. अखेरीस एक परिच्छेद माझ्या स्वतःच्या नावाने घातला: करणीची तक्रार मी कोणतीही खातरजमा न करता लिहिली, त्यातील भीती माझ्या लेखणीची होती, आणि ती तक्रार पुरावा म्हणून धरू नये.

कारकुनाने तो परिच्छेद दोनदा वाचला. “हा काढा. उद्या कोणी बोट ठेवलं तर बसायची जागा जाईल तुमची.”

“काढणार नाही. पोच द्या.”

“विचार करा.”

“सत्तावीस वर्षांपूर्वी करायला हवा होता. पोच द्या.”

दुपारच्या सुट्टीतही मी टेबलासमोरून हललो नाही. अखेर शिक्का पडला.

निकाल अजून लागलेला नाही. शिळा चावडीपुढे गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. कोपरा उचलून मावशी पाहून आल्या, तर तळाशी एक ओळ मोकळी आहे. कडुनिंबाखाली आता लोक मला मुद्दाम विचारतात, “काय साहेब, देवी काय म्हणते?” मी त्यांना पोच दाखवतो. ती पोच मी पाकिटात नव्हे, टेबलावर काचेखाली ठेवली आहे. ज्याला वाचता येते त्याने वाचावी.